आयात मेंढा आणि दख्खनची मेंढी: पन्नास वर्षांचा हिशेब

दख्खनी मेंढीचे कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की बाजारात उतरते. तेव्हा ते १५ ते २० किलो भरते. पोटभर खाऊन वाढलेले सफोक किंवा डॉर्सेट जातीचे विलायती कोकरू त्याच वयात याच्या जवळपास दुप्पट असते. मटणाचे भाव वर्षागणिक चढत आहेत आणि मेंढपाळाची कमाई मात्र त्या मानाने हलत नाही. अशा वेळी ही तफावत पाहणाऱ्या कोणालाही पहिला उपाय सुचतो तो हाच, की तिकडचा मेंढा आणावा, इकडच्या मेंढ्यांत सोडावा आणि कोकरांचे वजन वाढवावे. हा विचार गैर नाही. एका पिढीपुरता तो खराही ठरतो. पण तो नवाही नाही. आपल्या देशाने या उपायावर पन्नास वर्षांहून अधिक काळ सरकारी पैसा, संशोधकांची उमेद आणि मेंढपाळांचा विश्वास खर्च केला आहे. आता डॉर्पर या आफ्रिकी जातीच्या निमित्ताने तीच मागणी पुन्हा जोर धरते आहे, म्हणून मागचा हिशेब मांडणे गरजेचे झाले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: दख्खनच्या पठारावर मटणाचे उत्पादन अडले आहे ते मेंढीच्या आकारामुळे नव्हे, तर एका मेंढीमागे वर्षाला किती कोकरे जगून विक्रीला येतात त्या संख्येमुळे. आयात मेंढा आकार देतो, संख्या देत नाही. आणि तो आकारही ज्या चाऱ्यावर उभा राहतो तो चारा आपल्या खांडाच्या, म्हणजे मेंढ्यांच्या कळपाच्या, वाट्याला येत नाही.

राजस्थानात मालपुऱ्याजवळ अविकानगर येथे १९६२ साली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली. सुरुवातीचा भर लोकरीवर होता. रॅम्बुले आणि मेरिनो मेंढ्यांचा चोकला, नाली, मालपुरा या जातींशी संकर करून अविवस्त्र, अविकालीन, भारत मेरिनो अशा नव्या जाती तयार झाल्या. १९७१ मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि त्यात मांसासाठी स्वतंत्र काम हाती घेतले गेले. उद्दिष्ट स्पष्ट होते, सहा महिन्यांत ३० किलो वजनाचे कोकरू. त्यासाठी डॉर्सेट आणि सफोक मेंढे आणले गेले; मालपुरा, सोनाडी, मंड्या, नेल्लोर या आपल्या जातींशी त्यांचा संकर झाला. महाराष्ट्रात राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनीवर डॉर्सेट आणि मेरिनोचे प्रयोग झाले. संस्थेच्या आवारात, खुराक आणि औषधपाणी वेळच्या वेळी मिळत असताना, संकरित कोकरे देशी कोकरांपेक्षा निश्चित जड भरली. त्या नोंदी खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. मात्र हीच जनावरे गावात गेली, उघड्या रानात चरू लागली, की फरक आक्रसत गेला आणि मरतूक वाढली. अखेर १९९० मध्ये या प्रकल्पाची दिशाच बदलण्यात आली. नव्या जाळे (नेटवर्क) प्रकल्पात देशी जातींची नोंद ठेवणे आणि त्यांच्यातच निवड करून सुधारणा करणे हे मुख्य काम ठरले. ज्यांनी संकर घडवला त्यांनीच ही दिशा बदलली, हा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत वजनदार पुरावा आहे. दुसरा पुरावा पशुगणनेत आहे. २०१९ च्या गणनेत देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. त्यांत विदेशी आणि संकरित मिळून पाच-सहा टक्केच, आणि त्यांचाही मोठा वाटा काश्मीरसारख्या थंड डोंगराळ भागात. त्याच गणनेत गाईंमध्ये विदेशी व संकरितांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून जास्त होते. म्हणजे संकराला आपला पशुपालक मुळातच नाखूश आहे असे म्हणता येत नाही. गाईत त्याने संकर स्वीकारला, मेंढीत नाही. असे का झाले ते पाहिले पाहिजे.

दख्खनच्या खांडातला एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. पाऊस सरला की पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतले धनगर आपले वाडे हलवतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही ऊस आणि कापणी झालेल्या रानांच्या दिशेने फिरतात. मेंढरे दिवसभर चालत चरतात, रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात खतासाठी बसवली जातात. नुकती जन्मलेली कोकरे घोड्यावरच्या बोजात बसून पुढच्या मुक्कामी पोहोचतात. चाऱ्याचा भरवसा नाही, खुराक जवळपास नाही. चार महिन्यांच्या आत कोकरू विकावे लागते, कारण त्याला पुढे पोसायला चारा नसतो, घरखर्चाला पैसा लागतो आणि चालत्या खांडात वाढलेली कोकरे सांभाळणे अवघड होते. आता या वयातले कोकराचे वजन ठरते कशाने? मुख्यतः आईच्या दुधाने. बापाकडून आलेला वाढीचा वेग खरा दिसतो तो दूध तुटल्यानंतर, चांगला चारा आणि खुराक मिळाल्यावर, चौथ्या ते आठव्या महिन्यात. नेमक्या त्याच वेळी आपले कोकरू मेंढपाळाच्या हातात नसते. विलायती मेंढ्याची किंमत मेंढपाळाने मोजायची आणि त्याच्या गुणाचा फायदा झालाच तर पुढे ते कोकरू घेऊन पोसणाऱ्याला व्हायचा, असा हा व्यवहार आहे. त्यातही बाजारात कोकरू नगावर, डोळ्यांच्या अंदाजाने विकले जाते. लोणंद असो की सांगोला, काट्यावर तोलून विक्री हा अजूनही अपवादच आहे. जास्तीच्या दोन किलोंचे पैसे पदरात पडतील अशी व्यवस्थाच नसेल तर त्या दोन किलोंसाठी खर्च कोण करणार?

याहून खोल अडचण संकराच्या गणितात आहे. दोन दूरच्या जातींच्या संकराच्या पहिल्या पिढीत संकरज जोम, म्हणजे संकरामुळेच येणारा वाढीचा आणि काटकपणाचा जोर, पूर्ण असतो. ती पिढी आपसात सोडली की पुढच्या पिढीत तो जोम निम्म्यावर येतो. पहिल्या पिढीच्या मादीला पुन्हा मूळ जातीचा नर दिला तरी निम्म्यावरच येतो. म्हणून ज्या देशांत मटणासाठी संकर यशस्वी झाला तिथे तो एकदाच करायची गोष्ट म्हणून केलेला नाही, दरवर्षी नव्याने उभी राहणारी व्यवस्था म्हणून केला आहे. ब्रिटनमध्ये डोंगरातल्या काटक स्वेलडेल किंवा ब्लॅकफेस मेंढ्या शुद्ध ठेवल्या जातात. त्यांतल्या काहींना ब्लूफेस्ड लेस्टर मेंढा देऊन म्यूल नावाची दुधाळ, जुळी देणारी मादी तयार होते. ती खालच्या हिरव्या कुरणांवर विकली जाते आणि तिला सफोक किंवा टेक्सेल मेंढा देऊन मटणाची कोकरे काढली जातात. ती सगळी कत्तलीला जातात, एकही कळपात ठेवली जात नाही. डोंगर, उतार आणि मैदान अशा तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीवर वेगळे शेतकरी, आणि मध्ये त्यांना जोडणारा बाजार. सफोक मेंढ्याचे यश हे या तीन पायऱ्यांचे यश आहे. आपण त्यातला फक्त शेवटच्या पायरीवरचा मेंढा उचलून आणला.

आपल्याकडे अशी पायरी का उभी राहत नाही, हे साध्या आकडेमोडीने दाखवता येते. समजा एका खांडात १०० मेंढ्या आहेत. वर्षाला ९० व्यायल्या, एकेक कोकरू झाले, १० दगावली, ८० उरली. त्यांत ४० माद्या. म्हाताऱ्या आणि मेलेल्या मेंढ्यांच्या जागी दरवर्षी साधारण २५ तरुण माद्या लागतात. या २५ माद्या शुद्ध दख्खनी हव्या असतील तर ६० हून अधिक मेंढ्यांना दख्खनी मेंढाच द्यावा लागेल. विलायती मेंढ्यासाठी उरल्या ३८ च्या आसपास. त्यांची ३० कोकरे प्रत्येकी ३ किलो जास्त भरली असे मोकळ्या मनाने धरले, तरी सगळ्या खांडात वर्षाला ९० किलोंची भर पडते. २५ माद्या राखल्यावर विक्रीला ५५ कोकरे येतात आणि १८ किलोंच्या हिशेबाने ती ९९० किलो होतात, म्हणजे ही भर फार तर नऊ टक्क्यांची. त्यासाठी खांड दोन भागांत तोडायचे, दोन जातींचे मेंढे वेगळे राखायचे आणि चालत्या वाड्यावर हे बारा महिने निभवायचे. कोणताही धनगर असे करणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. तो जे करतो ते असे: एकच मेंढा सगळ्यांत सोडतो, त्याच्या चांगल्या दिसणाऱ्या माद्या राखतो, आणि दोन-तीन पिढ्यांत ना शुद्ध दख्खनी उरते ना पहिल्या संकराचा जोम उरतो. पुन्हा नवा विलायती मेंढा हवा, तर तो देणारा सरकारी प्रकल्प एव्हाना बंद झालेला असतो.

गाईचे उदाहरण इथे हमखास पुढे केले जाते. होल्स्टीन आणि जर्सीने आपल्या दूध धंद्याचे रूप पालटले, मग मेंढीत ते का होणार नाही? फरक दोन आहेत. गोठवलेले वीर्य गाईच्या गर्भाशयात सहज सोडता येते, त्यामुळे परदेशी वळू इथे आणावाच लागत नाही. एका वळूच्या रेतमात्रा हजारो गावांत पोचतात आणि दरवर्षी पुन्हा मिळतात. मेंढीच्या गर्भाशयाची मान आतून नागमोडी असते. तिच्यातून नळी पुढे जात नाही, बाहेर सोडलेले गोठवलेले वीर्य फार थोड्या मेंढ्यांना गाभण करते, आणि पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीने रेतन करायचे तर तज्ज्ञ, उपकरणे आणि खर्च लागतो. म्हणजे मेंढीत सुधारणा पोचवायची तर जिवंत मेंढाच पोचवावा लागतो. तो मरतो, म्हातारा होतो, विकला जातो. दुसरा फरक धंद्याच्या ठेवणीचा. संकरित गाय दावणीला बांधून, पेंड आणि हिरवा चारा आणून पोसली जाते आणि तिचे दूध रोज फॅटवर मोजून पैसे देते. जास्तीचे उत्पादन रोज मोजले जाते म्हणून जास्तीचा खर्च परवडतो. मेंढीच्या धंद्यात यातले काहीच नाही. गाईच्या यशातून धडा घ्यायचाच तर तो दावण, चारा आणि मोजून मिळणारा पैसा यांचा घ्यावा लागेल.

रोगांचा मुद्दा वेगळा काढावा लागतो, कारण त्याची किंमत संकराच्या कागदावर कधी दिसत नाही. नीलजिव्हा हा चिलटांमुळे पसरणारा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६४ साली, आपल्याच महाराष्ट्रात. पुढे विलायती आणि संकरित मेंढ्यांच्या कळपांमध्ये त्याच्या मोठ्या साथी आल्या. दक्षिणेत देशी मेंढ्याही या रोगाने मरतात, हे खरे. पण बाहेरून आलेल्या रक्तात तो अधिक तीव्र होतो हे वारंवार दिसले आहे. जंतांचेही तसेच. पावसाळ्यातल्या ओल्या रानात रक्त शोषणारे जठरातले जंत कोकरांना पांढरेफटक करून मारतात. इथल्या जातींना पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेली सहनशक्ती असते, ती संकरात विरळ होते. याचा सर्वांत बोलका दाखला केनियातला आहे. तिथल्या मसाई लोकांची लाल मेंढी जंतांना दाद देत नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने सवलतीत डॉर्पर मेंढे वाटले. कोकरे देखणी आणि मोठी दिसल्याने ते झपाट्याने पसरले. मग या डॉर्पर मेंढ्यांचा पुरवठा आटला, बेशिस्त संकर चालू राहिला आणि शुद्ध लाल मसाई मेंढी शोधावी लागू लागली. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने किनाऱ्याजवळच्या दमट भागात दोन्ही जाती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा कोकरांची मरतूक आणि मेंढ्यांचे विणे धरून लाल मसाईचा कळप डॉर्परच्या कळपापेक्षा कितीतरी पटींनी उत्पादक ठरला. कोरड्या भागात मात्र डॉर्पर बरोबरीला आला. जातीचा मोठेपणा जागेवर अवलंबून असतो, आणि एकेकट्या कोकराचे वजन कळपाच्या उत्पादनाविषयी फारच थोडे सांगते, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रयोगात आहेत.

कळप हेच एकक धरले की आकाराचे आकर्षणही कमी होते. ३० किलोंच्या मेंढीऐवजी ४५ किलोंची मेंढी पाळली तर नुसते तिला जगवायलाच सुमारे एक तृतीयांश चारा जास्त लागतो. ज्या रानावर १०० दख्खनी मेंढ्या जेमतेम जगतात तिथे मोठ्या मेंढ्या ७५ सुद्धा भागत नाहीत. कोकरू मोठे झाले खरे, पण कोकरांची संख्या घटली, आणि दोन्हींचा गुणाकार पूर्वीच्याच जागी येऊन थांबला. दुष्काळी वर्षात तर मोठी मेंढी आधी खंगते. आता वरच्याच खांडात वेगळा बदल करून पाहू. मेंढ्या त्याच, आकार तोच, फक्त व्यायलेल्यांपैकी निम्म्या मेंढ्यांना जुळी झाली. ९० मेंढ्यांची १३५ कोकरे. जुळ्यांत मरतूक जास्त, म्हणून १० ऐवजी २५ दगावली असे धरू, ११० उरली. बदलीच्या २५ माद्या राखून ८५ विक्रीला. जुळे कोकरू हलके भरते, म्हणून १८ ऐवजी सरासरी १६ किलो धरू. १,३६० किलो. विलायती मेंढ्याने ९० किलोंची भर घातली होती. जुळ्यांनी ३७० किलोंची घातली, तीही खांड न तोडता. हे आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, पण दोन वाटांमधले अंतर इतके मोठे आहे की गृहीतके थोडीफार हलवली तरी निष्कर्ष हलत नाही.

जुळ्यांची ही वाट महाराष्ट्रातच तयार झाली, आणि तिची कथा आयात-निर्यातीच्या रूढ कल्पनेला उलटे करणारी आहे. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची जेमतेम १० ते १५ किलोंची मेंढी आहे. गुडघाभर पाण्यात चरते, खूर कुजण्याला दाद देत नाही आणि जुळी-तिळी देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या. ऑस्ट्रेलियात बुरुला नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या विसाव्या शतकात जुळ्या-तिळ्यांसाठी प्रसिद्ध झाल्या. १९८० च्या सुमारास लक्षात आले की हे एकाच मोठ्या जनुकाचे काम आहे. २००१ मध्ये तो जनुकबदल नेमका सापडला आणि त्यानंतर लगेच गॅरोलमध्येही तोच बदल असल्याचे सिद्ध झाले. जगभरचे संशोधक ज्या गुणासाठी ऑस्ट्रेलियाकडे पाहत होते तो आपल्याच खाडीतल्या बुटक्या मेंढीचा होता. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोल मेंढे आणून दख्खनीशी संकर केला. मग पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा दख्खनी आणि इतर मोठ्या जातींकडे वळवत गॅरोलचा आकार मागे टाकला, पण जनुक राखले. डीएनए तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची आणि संशोधनात ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांची साथ मिळाली. त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी उभी राहिली, आणि हे मेंढे केवळ संस्थेत न ठेवता आसपासच्या मेंढपाळांच्या खांडांत सोडून तिथल्या विण्याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की वाढीचा वेग शेकडो जनुकांत विखुरलेला असल्याने संकर पातळ झाला की तोही पातळ होतो. जुळ्यांचा गुण मात्र एका जनुकात आहे. मेंढ्याच्या रक्ताच्या एका थेंबावरून तो आहे की नाही हे कळते आणि दहा पिढ्यांनंतरही तो तितकाच काम करतो. मेंढीला त्याची एक प्रत पुरते. दोन प्रतींनी कोकरांची संख्या फारशी वाढत नाही. शिवाय मेरिनोत दिसतो तसा तिळ्या-चौळ्यांचा अतिरेक दख्खनीत होत नाही, बहुतेक जुळीच होतात.

यावर मेंढपाळांचाच आक्षेप आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे. दोन कोकरांना पुरेल इतके दूध दख्खनी मेंढीला कुठे असते? चालत्या खांडात एक कोकरू मागे पडते, अशक्त होते, लांडग्याच्या तोंडी जाते. हा धोका खोटा नाही. पण हा धोका कोणत्या खर्चाने कमी होतो ते पाहावे. मेंढरांच्या खांडात चार-दोन शेळ्या असतातच, आणि दुसऱ्या कोकराला शेळीला लावणे ही धनगरांची जुनी रीत आहे. जुळे होणारी मेंढी शेवटच्या दीड महिन्यात आणि व्याल्यावर महिनाभर मूठभर भरड्यावर ठेवली तरी फरक पडतो. हा खुराक फक्त जुळ्यांच्या आयांना आणि फक्त अडीच महिने द्यायचा आहे, तर विलायती संकराला खुराक सगळ्या कोकरांना आणि सहा-आठ महिने द्यावा लागतो. ज्याच्याकडे एवढीही सोय नाही, बारा महिने लांबच्या वाटेवर ज्याचा वाडा असतो, त्याने हा मेंढा घेऊ नये असे स्पष्ट सांगायला हवे. ज्यांचा मुक्काम वर्षातले काही महिने गावाजवळ असतो, ज्यांच्याकडे थोडी शेती आहे, त्यांना तो परवडतो. सुधारणेच्या योजना एकाच साच्यातून सगळ्यांना वाटल्या जातात हे आपले जुने दुखणे आहे, आणि जुळ्यांच्या बाबतीत ते पुन्हा झाले तर दोष जनुकाला लागेल.

कोणी म्हणेल, की हा सगळा देशी रक्ताचा अभिमान आहे. तसे नाही. गॅरोलही दख्खनीला परकीच होती. बंगाल आणि माणदेश यांत हवापाण्याचे साम्य थोडेच आहे. नारी सुवर्णामध्ये कर्नाटकची बन्नूर मेंढी आहे आणि इस्रायलच्या अवासीचेही रक्त आहे. अविकानगरनेही पुढे गॅरोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्यातून अविशान ही जुळी देणारी जात काढली. संकराला विरोध करण्यात अर्थ नाही; कशासाठी आणि किती रक्त आणायचे एवढाच वाद आहे. मेंढपाळ स्वतःही रक्तशुद्धीचा आग्रह धरत नाहीत. जत भागातली माडग्याळ मेंढी, उंच पायांची, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, गेल्या काही दशकांत दख्खनीच्या खांडांत पसरली ती कोणत्याही योजनेशिवाय. तिची कोकरे लवकर वाढतात आणि तिच्या अंगावर लोकर फारशी नसते. काळ्या लोकरीच्या घोंगड्यांची मागणी ओसरल्यापासून कातरणीची मजुरी लोकरीतून निघत नाही, तेव्हा धनगरांनी हा निर्णय स्वतःच्या हिशेबाने घेतला. तेलंगणातही काळी दख्खनी मागे पडून लाल, केसाळ नेल्लोरी मेंढी पुढे आली, आणि २०१७ पासूनच्या मेंढीवाटप योजनेने त्या बदलाला वेग दिला. माडग्याळच्या बाबतीत मला एकच काळजी वाटते. हौसेच्या बाजारात तिच्या मेंढ्यांना लाखांनी किंमत येते ती नाकाच्या बाकावर आणि रूपावर, वाढीच्या नोंदीवर नव्हे. नाकाचा बाक वजन वाढवत नाही. हीच जात काट्यावर तोलून, नोंदी ठेवून निवडली तर आयात मेंढ्याचे अर्धे काम ती इथेच करील.

डॉर्परचा पक्ष मात्र नीट तपासला पाहिजे, कारण डॉर्सेट आणि सफोकवरचे सगळे आक्षेप त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. १९३० आणि १९४० च्या दशकांत दक्षिण आफ्रिकेत डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन मेंढी यांच्या संकरातून ही जात घडवली गेली. ही ‘पर्शियन’ मेंढी प्रत्यक्षात सोमालियाच्या बाजूची. डॉर्पर कमी पावसाच्या कारू प्रदेशात टिकते, लोकर आपोआप गळते, मांसल असते. माणदेश किंवा जतसारख्या अवर्षणी भागात ती डॉर्सेटपेक्षा सरस ठरेल हे शक्य आहे. अलीकडे जम्मू-काश्मीरने ऑस्ट्रेलियातून डॉर्परसारख्या मांसल जातींच्या मेंढ्या आणल्या आहेत आणि आपल्याकडेही खासगी फार्मांवर तिचे आकर्षण आहे. पण कारू कोरडा आहे. आपल्या पठारावर चार महिने पावसाळा असतो, आणि जंतांबाबत डॉर्पर कच्ची आहे हे केनियाने दाखवले आहे. तिच्या मोठ्या कोकरांमुळे २५ ते ३० किलोंच्या दख्खनी मेंढीला अडून विण्याचा त्रास होऊ शकतो. आणि वर दाखवलेली बदलीच्या माद्यांची अडचण जात बदलल्याने सुटत नाही. डॉर्पर चांगली असली तरी ती कळपात विरघळू न देता दरवर्षी पहिल्या पिढीचाच माल काढण्याची व्यवस्था कोणाकडे आहे? आज ती फक्त बंदिस्त फार्मांकडे आहे. मुरघास, खुराक, लसीकरण आणि वजनावर विक्री यांची तयारी असलेल्या अशा फार्माने विकत घेतलेल्या देशी माद्यांना डॉर्पर मेंढा देऊन सगळी कोकरे कत्तलीला पाठवली, तर तो धंदा फायद्याचा होऊ शकतो. काश्मीरमध्ये मेरिनोचा संकर टिकला तोही असाच, कारण तिथली हवा आणि कुरणे मेरिनोला मानवली आणि सरकारी फार्म दशकानुदशके मेंढे पुरवत राहिले. खासगी पैशाने, अशा जागी, डॉर्पर यावी. अडवण्याचे कारण नाही.

सरकारी पैशाचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक मेंढा असे गट अनुदानावर दिले जातात. माझ्या मते या योजनेतल्या २० मेंढ्यांपेक्षा तो एक मेंढा महत्त्वाचा आहे. मेंढी वर्षाला एक-दोन कोकरे देते, मेंढा तीस-चाळीस मेंढ्यांना कोकरे देतो आणि त्याचे वंशज पुढे खांडभर पसरतात. तो मेंढा कोणाचा, त्याची आई जुळी देणारी होती का, तो चार महिन्यांचा असताना किती किलो भरला, जनुक तपासणीचा निकाल काय, यांपैकी एक ओळही सोबत न देता मेंढा वाटणे म्हणजे सुधारणेची सर्वांत स्वस्त संधी वाया घालवणे. पुण्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे प्रक्षेत्रे आहेत, फलटणला जनुकवाहक मेंढे आणि त्यांच्या नोंदींचा अनुभव आहे, राहुरीत दख्खनीच्या निवडीचे काम आहे. कानात बिल्ला, ताणकाट्यावरचे वजन आणि मेंढ्यासोबत एक कागद, एवढ्याने सुरुवात होते. डॉर्परची चाचणी घ्यायची तर तीही याच रांगेत घ्यावी: एकाच तालुक्यातल्या मेंढपाळांच्या खांडांत, एकाच वेळी, नोंद झालेला माडग्याळ मेंढा, जनुकवाहक सुवर्णा मेंढा आणि डॉर्पर मेंढा, आणि मोजायचे ते एकेका कोकराचे वजन नव्हे, तर दर १०० मेंढ्यांमागे वर्षअखेर विकलेले एकूण किलो, मेलेली कोकरे आणि विकत घेतलेल्या खुराकाचा खर्च. अशी चाचणी तीन पावसाळे चालली पाहिजे, कारण त्यांतला एखादा तरी दुष्काळी निघेल. आणि बाजार समित्यांनी मेंढ्यांच्या बाजारात काटे बसवून वजनावर विक्रीची सक्ती केली, तर जास्तीचे किलो कोणत्या मेंढ्याने दिले हे मेंढपाळाला सांगायला संशोधकाची गरज उरणार नाही.